महोत्सवाचा वारसा आणि वेरूळचा महारवाडा

वारसा हा शब्द आपल्याकडे फार सोयीने वापरला जातो. तो कोणाच्या श्रमातून निर्माण झाला, कोणत्या विचारातून उभा राहिला आणि मधल्या काळात त्याची उपेक्षा कोणी केली, हे प्रश्न बाजूला ठेवून केवळ त्याच्या सौंदर्याचा आस्वाद घ्यावा, अशी ही सोय आहे. वेरूळ-अजिंठा महोत्सव हे तिचे ठळक उदाहरण. पूर्वी वेरूळला कैलास लेण्याच्या परिसरात होणारा हा सोहळा पुढे औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर, येथील सोनेरी महालापुढे आला. २०१६ नंतर त्यात खंड पडला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तो पुन्हा भरला. शास्त्रीय गायन, वादन आणि नृत्य हा त्याचा गाभा. कलावंतांच्या गुणवत्तेविषयी वाद नाही. वाद आहे तो महोत्सवाच्या सांस्कृतिक दृष्टीविषयी. दोन लेणीसमूहांचे नाव धारण करणारा हा उत्सव त्या लेण्यांतील ज्ञानाला आणि श्रमाला रंगमंचामागच्या पडद्याहून अधिक मान देत नाही.

हे ज्ञान साधे नव्हते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हारसाचा हा काळा पाषाण. कारागीर छतापासून सुरुवात करी आणि खाली खोदत येई. न खोदलेला दगडच त्याला उभे राहायला जागा देई, त्यामुळे परांचीची गरज नसे. अजिंठ्याचे अपुरे राहिलेले चोविसावे लेणे पाहिले की कामाची ही रीत लक्षात येते. भिंतीवर भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवलेल्या मातीचा गिलावा चढे. तांबडा, पिवळा, हिरवा हे रंग खनिजांपासून होत. निळ्यासाठी मात्र लाजवर्द दूरदेशाहून आणावा लागे. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, हे वनस्पतिशास्त्रज्ञ सरदेसाई आणि पुरातत्त्व खात्यातील रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह यांनी २०१६ मध्ये दाखवून दिले. भांगेमुळे गिलाव्याला कीड लागत नाही आणि ओलावाही आटोक्यात राहतो. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही, आणि तेथील चित्रांचे किडीने बरेच नुकसान केले आहे. आपल्या परिसरातील झाडाचा गुण ओळखून तो दगडावर टिकवणारी ही माणसे अडाणी होती काय? विज्ञान, निसर्ग आणि वारसा यांची याहून घट्ट गुंफण दुसरीकडे क्वचितच सापडेल. पण या माणसांसाठी महोत्सवाजवळ शब्द नाहीत.

त्यांची नावे का उरली नाहीत? अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटकांचा मंत्री वराहदेव याचे नाव आहे, सव्विसाव्यात भिक्षू बुद्धभद्राचे आहे. कार्ल्याला तर लेण्याचे दार करणारा धेनुकाकटचा सुतार सामी याचेही नाव दगडावर कोरलेले आहे. म्हणजे श्रमिकाचे नाव कोरणे त्या समाजाला अशक्य नव्हते. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातील खांबावर आपले नाव खरडले आणि 'शोध' त्याच्या नावावर जमा झाला. त्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या वावरणाऱ्यांच्या माहितीला मात्र शोधाची प्रतिष्ठा मिळाली नाही.

सर्वांत बोलका पुरावा वेरूळलाच आहे. दक्षिण टोकाच्या बौद्ध लेण्यांना जुने इंग्रजी अहवाल 'ढेरवाडा' म्हणतात आणि पाचव्या लेण्याचे नाव 'महारवाडा' असे देतात. हे लेणे सुमारे ११७ फूट खोल आहे. मध्यभागी दगडातच कोरलेले दोन लांब, बुटके बाक आहेत. न्हावी उपाली आणि सफाई करणारा सुनीत यांना भिक्षू करून घेणाऱ्या संघाची परंपरा येथे एका ओळीत बसत होती. बुद्धाचा धम्म या भूमीवरून ओसरल्यावर गावगाड्याने या समतेच्या जागेला आपल्या उतरंडीतले सर्वांत खालचे नाव दिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'द अनटचेबल्स' (१९४८) या ग्रंथात अस्पृश्यतेचा उगम बौद्धांविषयीच्या तिरस्काराशी जोडला. लेण्याच्या एका नावावरून कोणाचा वंश सिद्ध होत नाही, हे आम्हीही जाणतो. पण नाव देणाऱ्याची नजर त्यातून स्पष्ट होते. कैलासावर प्रकाशझोत टाकणाऱ्या सांस्कृतिक व्यवस्थेने या नावाचा इतिहास लोकांपुढे मांडायला नको काय?

आणि सोनेरी महाल तरी कोठे आहे? तो विद्यापीठाच्या परिसरात, बौद्ध लेणी पोटात घेतलेल्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. त्याच विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात संमत झाला आणि मराठवाड्यातील दलित वस्त्या जाळल्या गेल्या. बाबासाहेबांचे नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. ज्या शहरात १९५० मध्ये बाबासाहेबांनी महाविद्यालय सुरू केले, पुढे त्याला मिलिंदाचे आणि परिसराला नागसेनाचे नाव मिळाले, त्या शहरात लेण्यांचा वारसा म्हणजे पुरातन अवशेष नव्हे. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर त्याला जिवंत वारसदार आहेत. महोत्सवात ते केवळ प्रेक्षक म्हणून मोजले जातात.

आमचा नकार उत्सवाला नाही. गाणे व्हावे, नृत्य व्हावे. पण त्याबरोबर दगड कसा फोडला, गिलावा कसा कालवला हे दाखवणारी पाथरवटांची आणि गवंड्यांची प्रात्यक्षिके व्हावीत. शिलालेखांचे जाहीर वाचन व्हावे. आंबेडकरी जलशाला त्याच मुख्य रंगमंचावर, त्याच मानधनावर जागा मिळावी. आणि पाचव्या लेण्यासमोर एक फलक लागावा. त्यावर त्या बाकांचा अर्थ आणि 'महारवाडा' या नावाचा इतिहास, दोन्ही स्वच्छ मराठीत लिहिलेले असावेत. तसे झाले तरच हा महोत्सव वेरूळचा आणि अजिंठ्याचा ठरेल. एरवी तो पर्यटन खात्याचाच राहील.