गारव्याचा ताळेबंद

जाहिरातीत टेबलावर मावणारा चिमुकला कूलर आहे आणि त्याच्यापुढे शाल पांघरलेली बाई. आम्ही बँकेतली माणसं. शाल बघत नाही, शिल्लक बघतो. कूलरची शिल्लक म्हणजे टाकीतलं पाणी. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते हवेतली सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता घेतं. या टाकीत मावतं अर्धा लिटर. म्हणजे एक टनाचा एसी 6 मिनिटांत जेवढी उष्णता बाहेर टाकतो, तेवढी या अख्ख्या टाकीची ऐपत! तीही नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात. मुंबईत हवेचं पासबुक आधीच पाण्याने भरलेलं. नव्या नोंदीला जागा कुठली? तेव्हा नागपूरकरांनी खिडकीतला वाळ्याचा मोठा कूलरच ठेवावा. मुंबईकरांनी जाहिरातीच्या कागदाने वारा घ्यावा. त्यात पाणीसुद्धा भरावं लागत नाही.