परक्याची भाषा आणि नदीकाठचे शहर : ‘रिव्हर टाउन’चा विचार

पीटर हेस्लर ह्यांचे ‘रिव्हर टाउन’ हे पुस्तक २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील ‘पीस कोअर’ ह्या स्वयंसेवक-योजनेतून १९९६ ते १९९८ ह्या काळात हेस्लर चीनमधील फूलिंग येथील शिक्षक-महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवीत होते. त्या दोन वर्षांचे हे कथन आहे. सामान्यतः ह्या पुस्तकाची गणना प्रवासवर्णनात केली जाते. परंतु ही वर्गवारी अपुरी आहे. प्रवासी शहरातून जातो. त्याला दुभाष्यावर भागविता येते. जो परका शहरात राहतो, त्याला मात्र भाजी घेण्यापासून भांडण मिटविण्यापर्यंत प्रत्येक गोष्ट स्वतःच बोलावी लागते. म्हणून भाषा हे ह्या पुस्तकाचे केवळ साधन नव्हे, तर तोच त्याचा खरा विषय आहे, असे म्हणावे लागते.

फूलिंग हे यांगत्झे आणि वू ह्या नद्यांच्या संगमावर, चढणीच्या डोंगरावर वसलेले शहर. हेस्लर तेथे आले तेव्हा तेथे रेल्वे नव्हती. ते चोंगचिंगहून बोटीने आले. १९९७ मध्ये चोंगचिंग सिचुआन प्रांतापासून वेगळे करण्यात आले आणि फूलिंग त्याच्या कक्षेत गेले. बीजिंग वा शांघायप्रमाणे येथे परदेशीयांची वस्ती नव्हती. त्यामुळे रस्त्यावर निघालेला परका हा क्षणोक्षणी पाहण्याचा विषय होई, आणि ‘वायक्वोरन’, म्हणजे ‘परदेशी माणूस’, ही हाक त्याच्या पाठीमागून येत राही. ही हाक पुष्कळदा त्याला उद्देशून नसे. ती त्याच्याविषयी इतरांना दिलेली वर्दी असे. संबोधन आणि निर्देश ह्यांतील हा भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे, कारण परकेपणाचे मर्म त्यातच आहे. ज्याला उद्देशून बोलले जाते तो संवादात असतो. ज्याच्याविषयी बोलले जाते तो संवादाबाहेर राहतो.

हेस्लर ह्यांचा भाषाभ्यास हा बाहेरून आत येण्याचा प्रयत्न आहे. तो दुहेरी कठीण होता. शिकवणीत शिष्ट चिनी, तर रस्त्यावर सिचुआनी बोली, अशी स्थिती होती. ह्या बोलीत शिष्ट भाषेतील मूर्धन्य ‘ष’सारखा ध्वनी ‘स’मध्ये विलीन होतो, त्यामुळे ‘दहा’ आणि ‘चार’ हे शब्द केवळ सुराच्या चढउतारानेच वेगळे राहतात. शिकवणीतील ‘बू द्वेइ’, म्हणजे ‘बरोबर नाही’, हा शब्द पुस्तकात वारंवार येतो. वर्गात शेक्सपिअर शिकविणारा अध्यापक शिकवणीत हा शब्द ऐकणारा विद्यार्थी होतो. हा पालट हेस्लर ह्यांनी आत्मसमर्थन न करता चितारला आहे, आणि पुस्तकाचा प्रामाणिकपणा येथे सर्वाधिक प्रत्ययास येतो.

चिनी नावाने, म्हणजे ‘हो वेइ’ म्हणून, वावरणारी व्यक्ती आपल्या इंग्रजी व्यक्तित्वाहून निराळी आहे, असे त्यांना जाणवू लागते. हो वेइ मंदबुद्धी ठरतो, पण लोक त्याच्याशी मोकळेपणाने बोलतात. नावाचा विषय मराठी वाचकाला अपरिचित नाही. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस तेथे ‘क तिह्वा’ झाले. त्यांच्या नावातील ‘ह्वा’ हे अक्षर चीनचेच वाचक आहे; पथकातील इतर सहकाऱ्यांनीही ते आपल्या चिनी नावात घेतले होते. कोटणिसांचे नाव निष्ठा व्यक्त करते, तर हो वेइ हे नाव केवळ वावरण्याची सोय करते. एक युद्धकाळातील सहभागी, दुसरा शांततेच्या काळातील निरीक्षक, हे अंतर दोन नावांतून व्यक्त होते.

तथापि पुस्तकाची एक मर्यादा दाखविणे आवश्यक आहे. विद्यार्थ्यांची इंग्रजी लेखने हेस्लर मूळच्या सदोष रूपात उद्धृत करतात. चिनीतील संभाषणे मात्र बहुतांशी सफाईदार इंग्रजीत येतात. परिणामी महाविद्यालयातील शिकलेली मुले अडखळत बोलताना ऐकू येतात, आणि रस्त्यावरची माणसे अस्खलित. शिष्ट भाषा व बोली ह्यांतील भेद सांगितला जातो, पण तो ऐकू येत नाही. विद्यार्थ्यांच्या वाक्यांत पुष्कळदा विलक्षण भावबळ आहे हे खरे; परंतु वाचकाचे स्मित कोणत्या बाजूने उमटते, हा प्रश्न उरतोच.

दुसरा प्रश्न सर्वनामाचा आहे. मराठीत श्रोत्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’ अशी दोन रूपे आहेत. उत्तर चीनमध्ये ‘वोमन’ आणि ‘त्सानमन’ असा तत्सदृश भेद आढळतो. परंतु ‘वोमन’ हे रूप स्वतः श्रोत्याविषयी मौन पाळते, आणि इंग्रजीत तर एकच सर्वनाम आहे. ‘वोमन चोंगक्वो’ हा शब्दप्रयोग परदेशीयासमोर केला की मराठीत तो निःसंशय ‘आमचा चीन’ असा होईल. उलट एकाच वर्गाविषयी बोलताना त्याच ‘वोमन’चे भाषांतर ‘आपण’ करणे योग्य ठरेल. हेस्लर ह्यांना हा भेद व्याकरणाने दाखविता येत नाही. तो त्यांना प्रसंगांनी दाखवावा लागतो. अखेरच्या दिवसांत रस्त्यावर चित्रफीत घेताना जमाव त्यांच्यावर उलटतो, तेव्हा दोन वर्षांत कष्टाने मिळविलेले ‘आपण’ क्षणात ‘आम्ही’ होते. हा प्रसंग न गाळणे, ही पुस्तकाच्या सचोटीची साक्ष आहे.

ज्या फूलिंगचे हे चित्र आहे, त्याचा सखल भाग त्रिघळ धरणाच्या जलाशयाने गिळला. इ. स. ७६३ पासूनच्या नीचतम जलपातळीच्या नोंदी असलेला ‘पाय-ह-ल्यांग’ हा शिलालेखांकित खडक आता कायम पाण्याखाली आहे. त्यासाठी २००९ मध्ये जलांतर्गत संग्रहालय उघडण्यात आले. २०१२ मध्ये पुस्तकाची चिनी आवृत्ती चीनमध्ये निघाली, आणि ज्यांच्याविषयी ते लिहिले होते, ते आपल्या भाषेत त्याचे वाचक झाले. निर्देशाचे विषय अशा रीतीने संबोधनाचे अधिकारी बनले. परक्याने लिहिलेल्या शहराची खरी कसोटी तेथेच लागते. हेस्लर ह्यांचे लेखन ह्या कसोटीला पुष्कळ अंशी उतरते, ते शहर पूर्णपणे कळल्याचा दावा त्यांनी केला नाही म्हणून.