क्रे-१ च्या पोटातला तांब्याचा पत्रा

क्रे-१ बघायला जाणारे बहुतेक जण बाकड्यापाशीच थांबतात. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये, म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये, कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये हा महासंगणक ठेवलेला आहे. साडेसहा फुटी खांबांचं इंग्रजी ‘सी’सारखं कडं आणि त्याच्या पायाशी गादी लावलेलं गोल बाकडं. बाकडं छानच आहे, पॉवर सप्लाय लपवायची युक्ती म्हणूनही आणि फोटोसाठीही. पण ते दर्शनी काम झालं. या यंत्रातली अस्सल कारागिरी बघायची तर खांबावरची झाकणं काढून एका मॉड्यूलच्या कडेशी डोळा न्यावा लागतो. तिथे तांब्याचा एक पत्रा अॅल्युमिनियमच्या उभ्या दांड्यातल्या खाचेत शिरलेला असतो. एवढाच तो तपशील, आणि मला त्याच्याविषयीच बोलायचं आहे.

सेमूर क्रे यांनी १९७२ साली विस्कॉन्सिनमधल्या चिपेवा फॉल्स या आपल्या गावी स्वतःची कंपनी काढली, आणि १९७६ मध्ये पहिलं क्रे-१ लॉस अॅलामोसच्या प्रयोगशाळेत गेलं. त्याच्या आतल्या घड्याळाचा एक ठोका साडेबारा नॅनोसेकंदांचा. एवढ्या वेळात निर्वातातला प्रकाशसुद्धा चार मीटर गाठत नाही, मग तारेतून जाणारा संकेत त्याहून मागेच राहणार. म्हणून क्रे यांनी यंत्रातली कुठलीही तार चार फुटांपेक्षा लांब होऊ दिली नाही. खांब ‘सी’च्या आकारात उभे केले तेही याचसाठी, म्हणजे तारा आतल्या, आखूड बाजूने जातात. वेग हवा तर भाग एकमेकांना खेटून बसवायला हवेत. खेटून बसवले की उष्णतेला बाहेर पडायला वाट उरत नाही. ११५ किलोवॅट वीज खाणारं हे यंत्र बाकड्यासकट नऊ फुटांच्या आतल्या गोलात मावतं. पंख्याच्या वाऱ्यावर हे निभावणं शक्यच नव्हतं.

आता एक मॉड्यूल बाहेर काढून हातात घेऊ. साधारण सहा बाय आठ इंचाच्या दोन सर्किट-पाट्या पाठीला पाठ लावून बसवलेल्या, दोन्हींच्या मध्ये तांब्याचा जाड पत्रा. प्रत्येक पाटीच्या बाहेरच्या अंगावर १४४ पर्यंत चिपा, म्हणजे दोन्ही मिळून २८८. हातात घेतल्यावर पहिल्यांदा जाणवतं ते वजन, कारण ही सगळी मूठ तांब्याने भरलेली आहे. मॉड्यूलच्या मागच्या कडेला तारांची जोडणी. बाजूच्या दोन कडांना तांबं पाट्यांच्या बाहेर डोकावतं, आणि नेमका तेवढाच डोकावणारा भाग खांबातल्या खाचेत सरकतो.

रस आहे तो इथेच. इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही कपाटात पाटी धरून ठेवायला रेल लागते, आणि पाटी थंड ठेवायला वेगळी काहीतरी तजवीज लागते, मग ती पंख्याची असो नाहीतर नळीची. क्रे-१ मध्ये ही दोन कामं एकाच दांड्याला दिली आहेत. ज्या खाचेत मॉड्यूल अडकतं, तीच खाच त्याची उष्णता ओढून घेते. त्यामुळे मॉड्यूल बसवणं आणि थंड करणं हे एकाच हालचालीत होतं, आणि त्या हालचालीत द्रवाचा कुठेही संबंध येत नाही. थंडावा देणारा द्रव, म्हणजे फ्रिऑन, कायमचा दांड्याच्या पोटात. मॉड्यूल बिघडलं तर ते कोरडंच बाहेर येतं आणि नवं कोरडंच आत जातं. कुठली नळी सोडवायची नाही, कुठला कॉक बंद करायचा नाही. १,६६२ मॉड्यूल असलेल्या यंत्रात ही किती मोठी सोय आहे हे दुरुस्तीला बसलेल्या माणसाला विचारा.

या रचनेमागचं नाव डीन रौश यांचं. ते रेफ्रिजरेशनचे अभियंते. क्रे यांच्याबरोबर ते कंट्रोल डेटा कंपनीतल्या ६६०० या यंत्रापासूनच होते, आणि ते यंत्रही फ्रिऑननेच थंड व्हायचं. क्रे-१ च्या थंडाव्याचं अमेरिकन पेटंट १९७८ मध्ये मिळालं, ते रौश यांच्या नावावर. संगणकाच्या इतिहासात चिप आखणाऱ्यांची नावं राहतात, नळ्या टाकणाऱ्यांची सहसा राहत नाहीत. म्हणून हे नाव मुद्दाम घेतलं.

आता उष्णतेच्या वाटेने चालत जाऊ, कारण या वाटेवर धातू बदलत जातात आणि प्रत्येक बदलाला कारण आहे. चिपेतून निघालेली उष्णता आधी पाटी ओलांडते. पाटीचं मूळ द्रव्य उष्णतेच्या बाबतीत अगदी मठ्ठ, पण पाटी पातळ आहे आणि तिची अख्खी पाठ पत्र्याला टेकलेली आहे, त्यामुळे हा पल्ला निभतो. पुढे तांबं. इथे उष्णतेला आडवं जायचं असतं, पत्र्याच्या मध्यापासून कडेपर्यंत काही इंच, आणि तेवढा प्रवास थोडक्या तापमानफरकात उरकायला तांब्यासारखं दुसरं परवडणारं काही नाही. मध्यावरची चिप कडेच्या चिपेपेक्षा थोडी गरम राहणारच. पत्रा जाड ठेवायचा तो हा फरक आवाक्यात राहावा म्हणून. मग खाच, आणि अॅल्युमिनियमचा दांडा. अॅल्युमिनियम तांब्याहून कमी वाहक, पण हलकं आणि घडवायला सोपं. शेवटी दांड्याच्या आतली नळी, ती मात्र स्टेनलेस स्टीलची.

ही नळी पहिल्यांदा खटकते. स्टेनलेस स्टील उष्णता वाहून नेण्यात तांब्याच्या पंचवीस पटींनी मागे. उत्तम वाहक धातूंची साखळी जमवायची आणि ऐन शेवटच्या कडीला हा मख्ख गडी उभा करायचा, हे कसलं डिझाइन? पण नीट बघितलं की पटतं. नळीची भिंत अगदी पातळ, त्यामुळे उष्णतेला तिच्यातून जेमतेम एक पाऊल टाकायचं असतं. आणि नळीचं मुख्य काम वहनाचं नाहीच, आतला द्रव आत ठेवण्याचं आहे. प्रत्येक धातूला त्याच्या अंगचं काम दिलेलं आहे, आणि त्याचा दोष जिथे सर्वांत कमी नडेल तिथेच त्याला बसवलेलं आहे.

एवढी काळजी घेऊनही नळीने दगा दिलाच. फ्रिऑनमध्ये कॉम्प्रेसरसाठी वंगणाचं तेल मिसळलेलं असतं. पहिल्या यंत्रात सांध्यांमधून ते पाझरायला लागलं, पाट्यांवर तेलाचा थर बसू लागला, आणि अखेर शॉर्टसर्किट. या भानगडीत पहिलं क्रे-१ सहा महिने लांबलं, आणि नळ्या नीट बंद करण्यासाठी वेल्डिंगच्या नव्या पद्धती वापराव्या लागल्या. आपल्याकडे एसीवाला गॅस कुठून गेला ते शोधताना सांध्यांवरून बोट फिरवून तेलाचा डाग बघतो. हे तेच तेल. घरच्या एसीत ते भिंतीवर ओघळतं आणि माणूस गॅस भरून घेतो. इथे खाली चिपा होत्या.

नळीतला फ्रिऑन उष्णता घेऊन नुसता तापत नाही, तो उकळतो. दाब कायम असेल तर उकळत्या द्रवाचं तापमान हलत नाही, त्यामुळे दांडा वरपासून खालपर्यंत जवळपास सारखाच थंड राहतो. नळीतून साधं पाणी खेळवलं असतं तर ते जाता जाता गरम होत गेलं असतं, आणि शेवटच्या मॉड्यूलच्या वाट्याला कोमट थंडावा आला असता.

आणि या सगळ्याला साथ देणारी एक गोष्ट थेट चिपांच्या स्वभावातच होती. क्रे-१ च्या चिपा ईसीएल जातीच्या. या जातीच्या गेटमध्ये वीज चालू-बंद होत नाही. ती ह्या फांदीतून त्या फांदीत वळवली जाते, एकूण प्रवाह तेवढाच राहतो. शून्य असो की एक, गेट सारखीच वीज खातं. म्हणून यंत्र अणुस्फोटाचं गणित सोडवत असो की नुसतं बसलेलं असो, पत्र्यावर येणारी उष्णता जवळपास तेवढीच. वीज वाया घालवणारी ही जात, यात वाद नाही. एकूण वीज मॉड्यूलांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला जुन्या पिवळ्या बल्बाएवढे सत्तरेक वॅट येतात, आणि त्यातलाही काही भाग बाकड्याखालच्या पॉवर सप्लायचा. पण थंडावा आखणाऱ्याला यासारखं गिऱ्हाईक मिळणं कठीण. मागणी ठरलेली, अचानक चढ नाही, उतार नाही. आजचे प्रोसेसर काम आलं की एकदम तापतात आणि काम संपलं की निवतात, त्यामुळे त्यांच्यावर बसवलेल्या थंडाव्याच्या प्लेटला सतत जुळवून घ्यावं लागतं.

दोष दाखवायचाच तर तो खाचेत आहे. दोन धातू कितीही घासूनपुसून एकमेकांवर टेकवले तरी ते फक्त उंचवट्यांवर भेटतात, मधल्या फटीत हवा उरते, आणि हवेइतकं आडमुठं दुसरं काही नाही. म्हणजे सगळा डोलारा उभा आहे तो पत्र्याची कड खाचेत किती घट्ट बसली यावर. कोरड्या सांध्याचं सुख हवं असेल तर त्याची किंमत इथे मोजायची. मला हा सौदा मान्य आहे.

त्याच काळात आयबीएमने अगदी उलट्या टोकाने विचार केला. १९८० च्या ३०८१ या यंत्रात ९० मिलिमीटरच्या चौकोनी सिरॅमिक पाटीवर शंभराहून अधिक चिपा बसवल्या, प्रत्येक चिपेच्या पाठीवर स्प्रिंगने दाबलेला अॅल्युमिनियमचा छोटा दट्ट्या टेकवला, मधल्या पोकळीत हेलियम भरला, कारण तो हवेपेक्षा कितीतरी चांगला वाहक, आणि वरून पाणी खेळणारी प्लेट आवळली. प्रत्येक चिपेची स्वतंत्र सेवा. कारागिरी म्हणून ती थक्क करणारीच आहे. पण बघताना कुठेतरी वाटतं की इथे प्रश्न भागांची संख्या वाढवून सोडवलाय. रौश यांच्या रचनेत भाग कमी होतात, म्हणून माझा कौल तिकडे.

क्रे यंत्रांच्या घराण्याशी आपलंही नातं आहे. ऐंशीच्या दशकात भारताने क्रे एक्स-एमपी मागितलं. मागितलेलं मोठं मॉडेल अमेरिकेने नाकारलं आणि हवामानाच्या अंदाजासाठी दिल्लीला लहान मॉडेल दिलं. या नकारातूनच १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणन संस्था उभी राहिली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. पुढे २०१९ मध्ये पुण्याच्याच आयसर या विज्ञान संस्थेत परम ब्रह्म बसलं, त्याचा थंडावा ‘डायरेक्ट कॉन्टॅक्ट लिक्विड कूलिंग’चा. या पद्धतीत प्रोसेसरच्याच डोक्यावर प्लेट बसते आणि प्लेटच्या पोटातून पाणी जातं. म्हणजे उष्णतेचा आडवा प्रवास जवळपास संपला. बदल्यात द्रव सर्व्हरच्या आत आला. सर्व्हर काढायचा तर पाण्याचा सांधा सोडवावा लागतो, म्हणून असे रॅक न गळता सुटणाऱ्या झडपांच्या कपलिंगवर भिस्त ठेवतात. क्रे-१ मध्ये ही जोखीम मुळात घेतलेलीच नव्हती.

गंमत म्हणजे ती स्वतः क्रे यांनीच पुढे घेतली. १९८५ च्या क्रे-२ मध्ये त्यांनी पत्रा आणि खाच दोन्ही सोडून दिलं आणि सगळ्या पाट्या फ्लुओरिनर्ट या वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवून टाकल्या. काचेतून द्रव दिसायचा, लोक बघत राहायचे. पाट्या आणखी दाट रचता आल्या, वेग वाढला, ते सगळं खरं. पण एक मॉड्यूल बदलायचं म्हटलं तरी आधी टाकी रिकामी करा, मग हात घाला.