मूर्खासाठीं लिहिलेलें एक शहाणें पुस्तक

मोटारदुरुस्तीच्या पुस्तकाचें परीक्षण वाङ्मयाच्या मासिकांत कशाला, असें वाचक विचारतील. फोक्सवागन जिवंत कशी ठेवावी, यावर जॉन म्यूर या अमेरिकन इंजिनियरानें १९६९ सालीं लिहिलेला ग्रंथ त्यांनीं एकदां चाळावा. तो ‘संपूर्ण मूर्खा’साठीं आहे असें शीर्षकच सांगतें, आणि त्यांतील ‘संपूर्ण’ या अर्थाच्या शब्दाचें वर्णलेखन मुद्दाम जुनें, आयझॅक वॉल्टनच्या १६५३ मधील मासेमारीवरील ग्रंथाची आठवण देणारें आहे.

म्यूर वाचकाला मूर्ख म्हणतो, पण त्याच्यापासून कांहीं लपवीत नाहीं. इंजिन गार झाल्यावांचून झडपांची फट मोजूं नये, दर तीन हजार मैलांनीं ती पुन्हां तपासावी, हें तो शेजारीं बसून सांगितल्यासारखें सांगतो. पीटर आश्वांडनचीं चित्रें तर हात कोठें घालावा हेंही दाखवितात. १९७० पूर्वीच्या बीटलमध्यें तेल गार करणारा भाग तिसऱ्या सिलिंडरच्या वाऱ्याच्या वाटेंतच बसविलेला असे. तो सिलिंडर अधिक तापे व त्याची झडप जळण्याची भीति अधिक. अशा गाडीच्या मालकाला नुसता हुकूम पुरत नाहीं, कारण कळावें लागतें. आपल्या पुष्कळशा यंत्रविषयक लेखकांना हेंच साधलेलें नाहीं. ते परिभाषा घडवितात आणि पाना हातांत धरणारा माणूस विसरतात.

दोष आहे तो निराळाच. गाडीच्या ‘कर्मा’विषयीं म्यूर बोलूं लागला, कीं हा शब्द त्यानें बाजारांतून स्वस्तांत उचलला असें वाटतें. तीं पानें मीं भराभर उलटलीं. झडपांचें प्रकरण मात्र दोनदां वाचलें; आणि माझ्यापाशीं मोटार नाहीं.