आरोग्य विमा पॉलिसीतील संज्ञा आणि आकलनाचा प्रश्न : एक चिकित्सा

प्रस्तावना

भारतातील सार्वजनिक क्षेत्राच्या सर्वसाधारण विमा कंपन्यांनी 1986 मध्ये 'मेडिक्लेम' ही योजना सुरू केली. तेव्हापासून 'पॉलिसी' हा शब्द मराठी मध्यमवर्गाच्या बोलण्यात रुळला. पॉलिसीतील संज्ञांचे अर्थ मात्र रुळले नाहीत. हा करार बहुधा रुग्णालयात दाखल होण्याची वेळ आल्यावरच प्रथम वाचला जातो. यात ग्राहकाची उदासीनता आहेच. परंतु संहितेच्या रचनेचाही तेवढाच दोष आहे. प्रस्तुत लेखात या दोषाची चिकित्सा केली आहे.

संज्ञांचा अर्थ

विमा नियामक प्राधिकरणाने 2013 मध्ये आरोग्य विम्यातील प्रमुख संज्ञांच्या प्रमाण व्याख्या निश्चित केल्या. त्यामुळे एकच शब्द प्रत्येक कंपनीने वेगळ्या अर्थाने वापरण्यास आळा बसला. हे कार्य मोलाचे होय. तथापि, व्याख्या निश्चित होणे आणि अर्थ कळणे या दोन भिन्न बाबी आहेत.

'पूर्वीपासूनचा आजार' ही संज्ञा पाहावी. सामान्य वाचक तिचा अर्थ 'कधीकाळी झालेला कोणताही आजार' असा घेतो. 2024 च्या नियमांनुसार मात्र पॉलिसी सुरू होण्यापूर्वीच्या 36 महिन्यांत ज्याचे निदान झाले, अथवा ज्यासाठी वैद्यकीय सल्ला वा उपचार सुचवले किंवा घेतले गेले, तोच आजार या व्याख्येत बसतो. अशा आजारासाठीचा प्रतीक्षा कालावधीही कमाल 48 महिन्यांवरून 36 महिन्यांवर आणण्यात आला. अर्थात, प्रस्ताव-अर्जातील प्रश्नांची खरी उत्तरे देण्याचे दायित्व यामुळे संपत नाही.

'कॅशलेस' हा शब्दही असाच फसवा आहे. त्यातून रुग्णास काहीच भरावे लागत नाही असा समज होतो. प्रत्यक्षात कंपनी केवळ ग्राह्य रक्कम रुग्णालयास परस्पर देते; अग्राह्य वस्तूंचा खर्च आणि सहभरणा कुटुंबालाच सोसावा लागतो.

संज्ञांचे परस्परसंबंध

खरी अडचण सुट्या शब्दांत नसून त्यांच्या एकत्रित परिणामात आहे. विमा रक्कम 2 लाख रुपये, खोलीभाड्याची दैनिक मर्यादा 4,000 रुपये, सहभरणा 5 टक्के आणि प्रमाणशीर कपातीचे कलम अशी पॉलिसी गृहीत धरल्यास पुढील चित्र दिसते. रुग्ण 8,000 रुपयांच्या खोलीत पाच दिवस राहिला. खोलीभाडे 40,000, शस्त्रक्रिया व डॉक्टरांचे शुल्क 60,000, औषधे व तपासण्या 40,000. एकूण 1,40,000 रुपये. खोलीभाडे मर्यादेच्या दुप्पट असल्याने पहिल्या दोन रकमांपैकी निम्मीच, म्हणजे 50,000 ग्राह्य ठरते. औषधे व तपासण्यांना ही कपात लागू नसल्याने ग्राह्य रक्कम 90,000 होते. त्यातून सहभरणा वजा जाता कंपनी 85,500 रुपये देते. उरलेले 54,500 रुपये कुटुंबाच्या माथी येतात, आणि तेही बिल विमा रकमेहून कमी असताना. चारही संज्ञांच्या व्याख्या पाठ असणाऱ्यासही हा परिणाम आपोआप उमगेल असे नाही. कारण संहितेत त्या वेगवेगळ्या कलमांत विखुरलेल्या असतात.

माहितीपत्रक आणि मराठी

1 जानेवारी 2024 पासून ग्राहक माहितीपत्रकाचे सुधारित स्वरूप लागू झाले. त्यात लाभ, अपवाद, प्रतीक्षा कालावधी व आर्थिक मर्यादा संक्षेपाने द्याव्या लागतात आणि ग्राहकाने इच्छा व्यक्त केल्यास ते स्थानिक भाषेतही उपलब्ध करावे लागते. ही सुधारणा स्वागतार्ह असली तरी अपुरी आहे. 'को-पेमेंट' हा शब्द देवनागरीत लिहिल्याने अर्थ उलगडत नाही. 'सहभरणा' हा पर्यायही उदाहरणाशिवाय अपरिचितच राहतो.

निष्कर्ष

सारांश, संज्ञांचे प्रमाणीकरण ही आकलनाची पहिली पायरी आहे, अखेरची नव्हे. प्रत्येक माहितीपत्रकात त्याच पॉलिसीच्या अटींवर आधारित एका बिलाचे सोडवलेले उदाहरण असणे आवश्यक आहे. वाणिज्य, अर्थशास्त्र व मराठी या विभागांनी एकत्र येऊन अशी उदाहरणे सुबोध मराठीत तयार केल्यास महाविद्यालयीन अध्यापनही समाजोपयोगी ठरेल. हप्ता भरताना अर्थ कळला, तरच ग्राहकाची संमती खरी संमती ठरते.