रोमन ‘ओतिउम’ : प्लिनीच्या एका पत्राच्या अनुषंगाने

लॅटिन भाषेत फुरसतीस ‘ओतिउम’ ही संज्ञा आहे आणि कामकाज या अर्थाचा ‘नेगोतिउम’ हा शब्द तिला नकार जोडून सिद्ध झाला आहे. यावरून रोमन मनास फुरसत हीच स्वाभाविक अवस्था वाटत होती, असे अनुमान काढण्याचा मोह होतो. परंतु वाङ्मयीन साक्षीपुढे ते टिकत नाही. एन्निउसच्या ‘इफिगेनिआ’ नाटकाच्या उपलब्ध त्रुटितांशात सैनिक हा शब्द उच्चारतात तो रिकामपणास कंटाळून. ख्रिस्तपूर्व ४४ मध्ये ‘दे ओफिकिइस’ लिहिताना सिसेरो आपली फुरसत विश्रांतीच्या ओढीने नव्हे, तर करण्याजोगे कार्य न उरल्यामुळे लाभली, असा खुलासा करतो. रोमन उच्चवर्गीयाच्या दृष्टीने फुरसत ही समर्थनीय ठरवावी लागणारी गोष्ट होती.

हे समर्थन धाकट्या प्लिनीच्या पत्रांत अत्यंत सफाईने आले आहे. नवव्या भागातील छत्तिसाव्या पत्रात तो एत्रुरियातील आपल्या ग्रामगृहामधील उन्हाळ्याचा दिनक्रम वर्णितो. पहाटे खिडक्या मिटून चिंतन, मग लेखनिकास मजकूर सांगणे, फेरफटका, मोठ्याने वाचन, व्यायाम, स्नान. भोजनसमयी ग्रंथश्रवण आणि त्यानंतर विनोदी नाट्य किंवा वीणावादन. या दिनक्रमात एकही घटका रिकामी नाही. कामाचा त्याग नव्हे, तर कामाची निवड स्वतः करण्याचा अधिकार, हाच येथे ‘ओतिउम’चा खरा आशय होय.

तथापि हा अधिकार कोणास होता, याचे उत्तरही हेच पत्र नकळत देते. लेखनिकास बोलावले जाते, तो जातो, पुन्हा बोलावला जातो, पुन्हा धाडला जातो. कुळांनाही थोडा वेळ मिळतो; पण त्यांच्या ग्रामीण तक्रारी ऐकून आपले वाङ्मयीन व्यासंग अधिकच गोड वाटतात, असे प्लिनी सांगतो. शैलीच्या प्रसन्नतेमुळे हे वाक्य वाचकाच्या नजरेतून सहज निसटते. वस्तुतः पत्राचा सारा तोल त्यावर उभा आहे.

म्हणून हे पत्र ‘रोमन दैनंदिन जीवना’चा पुरावा म्हणून सरसकट उद्धृत करणे सदोष ठरते. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या ज्या उद्रेकाचा सतरा वर्षांचा प्लिनी मिसेनुमहून साक्षी होता, त्यानेच पाँपेईतील साल्विउसच्या मद्यगृहाची भिंत राखेखाली जतन केली. तीवरील चित्रांत माणसे फाशांवरून हमरीतुमरीवर येतात आणि अखेर मद्यगृहाचा मालक त्यांना बाहेर काढतो. तीही रोमन फुरसतच होती. मात्र तिला समर्थनाची गरज भासली नाही आणि पत्रलेखकही लाभला नाही. ‘ओतिउम’च्या अभ्यासकाने प्लिनीचे पत्र अवश्य वाचावे, परंतु वाचताना त्या लेखनिकाच्या येरझाऱ्यांवरून दृष्टी ढळू देऊ नये.