टाळकऱ्याचं कोपर

यंदा तुकोबांची पालखी लोणीचा मुक्काम हलवून यवतकडे निघाली, त्या रात्री भाचीने मला एक क्लिप पाठवली. "मामा, आपल्याच रोडवरची आहे, बघा किती लोकांनी बघितलीय!" तीस सेकंदांची क्लिप. नऊवारी नेसलेली, नथ घातलेली एक मुलगी फुगडीचा गिरका घेते, मधेच वेग मंदावतो, केस उडतात, पुन्हा गिरका. मागे स्टुडिओत गायलेला गुळगुळीत आवाज. मी ती चारपाच वेळा पाहिली, पण त्या मुलीसाठी नाही. फुगडी घालायला दोघी लागतात. दुसरीची फक्त मनगटं दिसत होती, बाकीची बाई चौकटीबाहेर. आणि डाव्या कडेला एक कोपर होतं, टाळकऱ्याचं. ते ज्या लयीत हलत होतं ती लय कानावर पडणाऱ्या गाण्याची नव्हती. दिंडी दुसराच अभंग म्हणत होती, संथ ठेक्यात. तिचा आवाज पुसून त्या जागी दुसरा चिकटवला होता.

त्या कोपराने मला हा लेख लिहायला बसवलं.

गाणं डोळ्यांना कसं दाखवायचं ही आपल्याकडे नव्वदहून जास्त वर्षांची कला आहे. 'अयोध्येचा राजा' 1932 साली बोलला आणि गायला, तेव्हापासूनची. आमच्या भावकीच्या ग्रुपवर या नव्वद वर्षांतलं सगळं रोज सकाळी येऊन पडतं: काकांकडून प्रभातची गाणी, आत्याकडून साठीतल्या लावण्या, पोरांकडून 'गुलाबी साडी'. ही देवाणघेवाण मला मनापासून आवडते. पूर्वी गुरुवारच्या छायागीतासाठी ज्याच्या घरी टीव्ही असेल त्याच्या ओसरीवर सगळी गल्ली जमायची, तसंच हे आहे. अडचण येते ती गाणं पाठवताना जे कापलं जातं त्याची. कोण कापलं जातं, हे बघत गेलो की एकच उत्तर सापडतं. दरवेळी झीलकरी, मागून सूर धरणारा, कापला जातो.

आपलं गाणं एकट्याचं फार कमी आहे. शाहिराच्या मागे झील धरणारे असतात, कीर्तनकाराच्या मागे टाळकरी, गोंधळ्याच्या शेजारी संबळवाला. दिंडीची रचनाच बघा: पुढे पताका, मग दोन्ही अंगांना टाळकऱ्यांच्या रांगा, मधे पखवाज, मागे वीणेकरी, त्यामागे तुळस डोक्यावर घेतलेल्या बाया. वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही, एक थकला की दुसऱ्याच्या गळ्यात जाते. हे सगळं दिसायला चौकट आडवी लागते. मराठी पडद्यावरची थोर गाणी कोणती, असं मला कोणी विचारलं तर मी आवाजावरून नाही, चौकटीत मागे किती माणसं जिवंत आहेत यावरून सांगेन.

'संत तुकाराम'पासूनच धरा. दामले-फत्तेलालांनी 1936 साली पुण्यात प्रभातमध्ये केलेला चित्रपट. विष्णुपंत पागनीस स्वतः गातात, आणि कॅमेरा त्यांना माणसांतून उचलून वेगळा काढत नाही. ऐकणारे चेहरे गाण्याचाच भाग असतात. शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी लिहिलेला अभंग भल्याभल्यांना तुकोबांचाच वाटला, आजही वाटतो. त्याचं श्रेय आठवल्यांच्या लेखणीला आहेच, पण ते गाणं ज्या गावात बसवलं आहे त्या गावालाही आहे. आणि त्याच चित्रपटात सालोमालो आहे, जो तुकारामाचे अभंग आपल्या नावावर खपवतो. आज कवीचं नाव नाही, संगीतकाराचं नाव नाही, गाणाऱ्याचा आवाजसुद्धा बदललेला, अशी क्लिप हाती आली की मला हटकून सालोमालो आठवतो.

पुढच्याच वर्षी व्ही. शांतारामांनी 'कुंकू'त पार्श्वसंगीत काढून टाकलं आणि नुसत्या घरातल्या-रस्त्यावरच्या आवाजांवर चित्रपट उभा केला. जागेचा स्वतःचा आवाज म्हणजे काय, हे त्या माणसाला 1937 साली कळलं होतं.

आता आमच्या लोणीकडे येतो. मुळा-मुठेच्या काठी राज कपूर यांचं राजबाग होतं. आज तिथे विद्यापीठ आहे, त्यांचं स्मारक आहे, चित्रपटकलेचा विभागही आहे. याच मातीवर 'सत्यम् शिवम् सुंदरम्'चं चित्रीकरण झालं. चित्रपट आला 1978 साली. त्याच्या एकच वर्ष आधी 'जैत रे जैत' आला होता. हे दोन चित्रपट शेजारी ठेवून कोणी बघत नाही, बघायला हवेत. दोन्हींत उघड्या निसर्गातली गावाकडची नायिका आहे, अंगावर थोडके कपडे आहेत, लताबाईंचा गळासुद्धा दोन्हींकडे आहे. 'सत्यम्'मध्ये राधू कर्माकरांचा कॅमेरा झीनत अमानवरून हलत नाही. पाणी, देऊळ, गाव हे सगळं तिच्यामागे लावलेल्या पडद्यासारखं. गाव आहे, पण गाणं गावाचं होत नाही. 'जैत रे जैत'मध्ये स्मिता पाटीलची चिंधी ठाकरांमधली एक ठाकरीण आहे. ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथांच्या चाली तिच्या तोंडून निघतात, मग रवींद्र साठे, चंद्रकांत काळे यांच्या आवाजांत वाडीच्या तोंडी जातात आणि परत येतात. डोंगर, मधमाश्या, नाग्याचा हट्ट, सगळं गाण्यांतूनच पुढे सरकतं. ज्या राज कपूरनी 'श्री 420'मध्ये फुटपाथवरच्या माणसांना असं नाचवलं की मुंबई त्यांचीच वाटावी, त्यांचीच नजर पुढे आमच्या गावात येऊन इतकी अरुंद झाली. स्मारकासमोरून जाताना मला याचं दरवेळी वाईट वाटतं.

गेल्या महिन्यात 'जैत रे जैत'मधल्या एका गाण्याची उभी कापलेली क्लिप ग्रुपवर आली. चिंधी ठेवली होती, ठाकर कापले होते. म्हणजे 1977च्या चित्रपटाचा ओढूनताणून 'सत्यम्' केला.

नव्वदीतल्या आणि त्यानंतरच्या अल्बमच्या व्हिडिओंबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, ती जाहिरातीची माणसं गाण्यात आली होती. स्वित्झर्लंडच्या हिरवळीवर नाचणाऱ्या मराठी जोडप्यांबद्दल त्याहून कमी. ड्रोनने टिपलेला दिवे घाट एकदा बघितला की झाला. वरून माणूस मुंगीएवढा दिसतो, मुंगीचं तोंड हलताना दिसत नाही.

'लय भारी'ला मात्र थोडं थांबावं लागेल, कारण आजच्या वारीच्या सगळ्या क्लिपांचा उगम मला तिथे दिसतो. 2014चा चित्रपट. त्यातल्या वारीच्या गाण्याला अजय-अतुलची चाल, अजयचा आवाज, गुरू ठाकूर यांचे शब्द. गाणं कानाला जबरदस्त आहे, हे मी कबूल करतो. पण बघताना वारकऱ्यांची गर्दी एका नायकाच्या मागे उभी केलेली दिसते. दिंडीत वीणेकऱ्यालासुद्धा ही जागा मिळत नाही. त्यानंतर प्रत्येक पोराला आपण वारीच्या मधोमध उभे आहोत असं दाखवायचं वेड लागलं.

त्याच वर्षी चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' पहिल्यांदा पडद्यावर दिसला. त्यातला लोकशाहीर नारायण कांबळे वस्तीतल्या छोट्या मंचावर गातो. संभाजी भगत यांची शाहिरी आणि कांबळेच्या भूमिकेत वीरा साथीदार, नट म्हणून नव्हे तर आयुष्यभर चळवळीत राहिलेला माणूस म्हणून उभे. कॅमेरा प्रेक्षकांच्या अंतरावर स्थिर बसतो आणि हलत नाही. अख्खा मंच दिसतो: मागे झील धरणारे, वाजवणारे, समोर बसलेली वस्ती. जवळून चेहरा दाखवायचा मोह ताम्हाणेंनी टाळला आणि त्यामुळेच पोलीस येतात तेव्हा ते एका माणसाला नाही, एका गाण्याला धरायला आलेत हे कळतं. गेल्या पंधरा वर्षांत गाण्याचं याहून चांगलं चित्रण मराठीत झालेलं नाही. साथीदार 2021 साली कोरोनात गेले. त्यांच्या मंचावरची क्लिप आमच्या ग्रुपवर कोणी कधी पाठवली नाही. मीच पाठवली, दोनदा.

आणि 'सैराट'. लोणीवरून सोलापूर रोडने सरळ जात राहिलं की टेंभुर्णीला करमाळ्याकडे वळता येतं, तिथलं ते जग. 'झिंगाट'वर सगळे नाचले, पण नागराज मंजुळेंनी काय केलं होतं ते विसरले. त्यांनी नाच सफाईदार दिसू दिला नाही. वरातीत, मिरवणुकीत जो अंगात येईल तसा हात उडवतो, तीच गर्दी चौकटभर ठेवली. 'धडक'मध्ये तेच गाणं हिंदीत गेलं तेव्हा नाच सफाईदार झाला आणि आत्मा गेला. एका गाण्याचे दोन व्हिडिओ लागोपाठ बघा, मी काय म्हणतोय ते कळायला याहून सोपा मार्ग नाही.

मला सांगितलं जातं की फोन हातात उभाच धरला जातो, त्याला काय करणार. हे मला पटत नाही. फोन आडवा करायला मनगट वळवावं लागतं, एवढंच. उभी चौकट विटेवरच्या विठोबाला शोभते, तो एकटा आणि उभा आहे. त्याच्याकडे निघालेल्यांना ती पुरत नाही. जो उभी चौकट निवडतो तो आधीच ठरवतो की गाणं एकाचं आहे. मग दुसरी फुगडीवाली, टाळकरी, पखवाजी हे आपोआप बाहेर जातात. आणि ते बाहेर गेले की त्यांच्या आवाजाची गरज उरत नाही, तो पुसायला हात कचरत नाही. चौकट आणि आवाज या दोन चोऱ्या नाहीत, एकच आहे. तंत्राचा दोष म्हणून मी ती सोडून देणार नाही. घाटंजीहून, वसमतहून, कुठूनतरी घर सोडून चालत आलेल्या माणसाचा घसा आणि घाम आपण वापरतो आणि त्याचं गाणं फेकून देतो.

दुसरा मुद्दा असा मांडतात की पूर्ण अभंग सात-आठ मिनिटांचा, एवढं बघायला वेळ कोणाला आहे? 'संत तुकाराम' मुंबईत एका थिएटरात वर्षभराहून जास्त चालला. तो बघायला लोक पायी आणि बैलगाड्यांनी आले, तेव्हा त्यांच्याकडे वेळ फार होता असं नाही, शेतं तेव्हाही होती. लोकांना गाणं पूर्ण दाखवलंच नाही तर ते पूर्ण बघतील की नाही हे कोण ठरवणार? राजबागेत चित्रपटकला शिकणारी पोरं आहेत. त्यांच्या फाटकापासून पालखीचा रस्ता लांब नाही. त्यांच्यापैकी एकानेही एका दिंडीचा एक अभंग, तिच्याच आवाजात, पहिल्या ओळीपासून जयघोषापर्यंत, न कापता, कॅमेरा आडवा आणि माणसाच्या उंचीवर ठेवून टिपलेला मी अजून पाहिलेला नाही.

भाचीला मी हेच सांगितलं. ती म्हणाली, "मामा, पण ती मुलगी किती छान फिरतेय!" फिरतेच आहे. पण तिला धरून जी फिरतेय तिचा तोंडवळा मला बघायचा आहे, आणि त्या कोपराच्या माणसाला ऐकायचं आहे.